दीपक आत आले

तुम्ही हसाल, पण त्या दुपारपासून मी दाराची साखळी काढत नाही. आमच्या आचोळ्याच्या बिल्डिंगचं गेट आता मोबाईलवरच्या पासनं उघडतं, आणि पास लागला की ज्याचा पास त्याच्या नावानं घरी मेसेज येतो. त्या दिवशी मेसेज आला, "दीपक आत आले." दीपक म्हणजे माझा नवरा. फोन केला तर म्हणाला, "अगं, मी अंधेरीला ऑफिसात आहे."

तेवढ्यात बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर पाचूबंदरची आमची कोळीण.

"बाय, बोंबील आनलेत. तुझ्या सासूनं पास धाडला ना मोबाईलवर."

तिला आत घेतलं आणि गावी उमेळ्याला सासूबाईंना फोन लावला. दीपकनं त्यांना येण्याजाण्यासाठी स्वतःचाच पास पाठवला होता.

"आई, अजून कुणाला दिलात?"

"गावच्या ग्रुपवर टाकला. आपलं दार गावाला कधी बंद होतं गं?"

"ग्रुपवर कोण कोण आहे?"

"आता मी काय सगळ्यांना ओळखते?"

फोन ठेवला आणि मेसेज आला. दीपक आत आले.

कोळीण माझ्यासमोर बसून बोंबील मोजत होती, आणि लिफ्ट वर येत होती.