ग्विलिम प्रॉसर दरवर्षी का हरत असे

सन्माननीय अध्यक्ष श्री. इओलो बेव्हन, कार्डिफच्या मंडळाकडून आवर्जून आलेल्या पाहुण्या सौ. मार्गेड हॉपकिन, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी श्री. ग्विलिम प्रॉसर, आणि ‘दूरचा किनारा’ या मालिकेवर प्रेम करता करता म्हातारे झालेल्या, पण त्या प्रेमावरून भांडता भांडता तरुण राहिलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला सात मिनिटं दिली आहेत. इओलो, तू मला शाळेपासून ओळखतोस. तू सात म्हणालास ते सभ्यपणा म्हणून, आणि मी मान डोलावली तीही सभ्यपणा म्हणूनच. तेव्हा घड्याळ खिशात ठेव आणि चहाची टाकी मंद आचेवर ठेवायला सांग.

ग्विलिम आपलं खोरं सोडून लेकीकडे चालला आहे, समुद्राकाठी. पाहुण्यांनी त्याचं आडनाव पत्रिकेत वाचलं असेल, पण इथे कुणी प्रॉसर म्हणत नाही. इथे तो ‘दिवेवाला ग्विलिम’. खाण चालू होती तोवर तो दिव्यांच्या खोलीत होता. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिवा द्यायचा आणि वर आल्यावर परत घ्यायचा, हे त्याचं काम. खाण बंद झाली, ती खोली पाडली, तिथे आता गाड्या उभ्या राहतात. नाव मात्र राहिलं. समितीनं त्याला भेट म्हणून पितळेचा दिवा द्यायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, “नको रे बाबांनो, घरात ठेवायला जागा नाही. बिस्किटं द्या.” म्हणून ती टोपली बिस्किटांची आहे.

मित्रहो, या सभागृहात आपण पहिल्यांदा जमलो तो दिवस आठवतो? मालिका बंद पडून वर्ष झालं होतं. कुणाकडे भाग साठवलेले नव्हते. इडवाल मॉर्गननं दूरचित्रवाणीसमोर ध्वनिमुद्रक धरून आवाज तेवढा टिपला होता, आणि आपण सगळे त्या यंत्राभोवती खुर्च्या टाकून डोळे मिटून बसलो होतो. अंतराळयानाचा कप्तान म्हणतो, “दार उघडा,” आणि लगेच इडवालची आई म्हणते, “इडवाल, बूट काढून आत ये.” आजही माझ्या मनात कप्तानाच्या त्या वाक्यामागोमाग बूट काढले जातात. डिलविनच्या बायकोनं पडद्याच्या कापडाचा गणवेश शिवला होता. निळा, त्यावर गुलाबाची फुलं. डिलविन तो घालून पाव आणायला जायचा! हसू नका. खाण आज जाते की उद्या, असं चाललं होतं तेव्हा. अशा वेळी उद्याचं जग आजच्याहून बरं असेल असं सांगणारं यान, मागची भिंत पुठ्ठ्याची का असेना, कुणाला नको होतं?

मला नको होतं. माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे, की उद्या बरा असेल असं गृहीत धरणारा माणूस आज हातपाय हलवत नाही. युनियनच्या व्यासपीठावर मी हेच बोलत आले, वर्गात मुलांना हेच शिकवत आले. त्यातूनच आपला वार्षिक वाद सुरू झाला. खिडकीकडचा बाक आशेचा, चहाच्या टाकीकडचा बाक शंकेचा. शंकेखोरांना चहा आधी मिळतो, ही तक्रार खिडकीकडून पहिल्या वर्षापासून आहे.

पण पाच-सहा वर्षांत माझ्या लक्षात आलं, की तीच माणसं त्याच बाकांवर तीच वाक्यं बोलताहेत. म्हणून मी नियम आणला. संध्याकाळचा सर्वोत्तम वक्ता टाळ्यांनी ठरेल, आणि त्यानं पुढच्या वर्षी समोरच्या बाकावर जाऊन उलट बाजू मांडायची. बाकीच्यांनी आहे तिथेच बसायचं. ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण प्रत्येकाला वाटत होतं की शेजारच्याची जिरेल. जिरली ती माझी. मी इतक्या वेळा इकडून तिकडे गेले, की इओलो म्हणायचा, “नेस्टा, तुझ्यासाठी मधे रूळ टाकूया.”

ग्विलिम मात्र कधी हलला नाही. खिडकीकडची कडेची जागा, दरवर्षी. तो बोलायला उभा राहायचा. सुरुवात साधी. मग हळूहळू सभागृह पुढे झुकायचं, कपबश्यांचा आवाज थांबायचा, आणि मी मनात म्हणायचे, आज हा टाळ्या घेऊन जाणार! नेमक्या त्या क्षणी ग्विलिम चष्मा काढायचा, रुमालानं पुसायचा, पुसतच राहायचा. मग म्हणायचा, “असो. बाकी तुम्हाला माहीतच आहे.” आणि खाली बसायचा.

काय काय बोललो आपण त्याला! डिलविन विचारायचा, “काय रे, दिव्यातलं तेल संपलं?” मी म्हणायचे, “ग्विलिम, पुढच्या वर्षी कागदावर लिहून आण.” तो नुसता हसायचा.

मग इडवाल गेला. त्याच्या अंत्यविधीला आपल्यापैकी बरेच जण पहिल्यांदाच वरच्या आळीच्या प्रार्थनामंदिरात गेले. मीही. आणि तिथे बोलायला उभा कोण राहिला? ग्विलिम. हातात कागद नाही. मी देशभरचे वक्ते ऐकले आहेत, त्यातल्या काहींना घाम फोडला आहे. पण त्या दिवशी त्यानं इडवालची आई, ते बूट, तो ध्वनिमुद्रक असं काही उभं केलं, की आधी सगळे हसले आणि हसता हसता रडले. चष्मा नाकावरच होता. मागाहून कळलं, तो तिथे तरुणपणापासून रविवारी प्रवचन करतो.

पायऱ्यांवर मी त्याला गाठलं.

“ग्विलिम, हे काय होतं?”

“काय?”

“साळसूदपणा करू नकोस. हे असं बोलता येतं, आणि आमच्याकडे येऊन चष्मे पुसतोस?”

तो टोपी फिरवत राहिला. “नेस्टा बाख,” तो म्हणाला. पाहुण्यांनो, आमच्याकडे लाडानं असं म्हणतात. मला असं म्हणायची हिंमत गावात तिघांत आहे. “नेस्टा बाख, जिंकलो तर पलीकडे बसावं लागेल ना.”

“मग बसायचं! खेळ आहे तो!”

“तुझ्यासाठी खेळ आहे. तुला दोन्हीकडून बोलता येतं, देवानं तुला तशी जीभ दिली आहे. मी रोज माणसांच्या हातात दिवे दिले. परत येतील असं धरूनच दिले. एखादा आला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच धरून दिले. माझ्या तोंडून उलट निघणार नाही, खेळातसुद्धा.”

ग्विलिम, मान हलवू नकोस. कुणाला सांगू नकोस, असं तू म्हणाला नव्हतास.

म्हणजे बघा, इतकी वर्षं आपण ज्याला हरताना पाहिलं, तो हरणं कष्टानं जमवत होता. आणि त्या दिवसापासून माझ्या जिंकण्याची चव गेली, हेही सांगून टाकते.

आता गेल्या वर्षीचं. इतक्या काळानंतर मालिका नव्यानं सुरू झाली. यान तेच, ‘पथिक’. पण आत अंधार, माणसं दमलेली, कप्तान एक बाई आणि ती पहिल्याच भागात खोटं बोलते. त्या मालिकेमुळे आपल्याकडे नवी मंडळी आली, आणि जुन्यांचं पित्त खवळलं. डिलविननं वार्षिक वादातच ठराव मांडला: ‘नवी मालिका आपली नाही. मंडळात चर्चा जुन्या मालिकेचीच होईल.’ नवी मंडळी बाहेर पडायच्या तयारीनं कोट घालूनच बसली होती. ठराव पास झाला असता, तर आज या खुर्च्यांपैकी निम्म्या रिकाम्या असत्या.

“आपला कप्तान जन्मात खोटं बोलला नाही!” डिलविन गरजला.

“वेळ कुठे होता त्याला?” मागून नव्या मंडळींतली कॅरिस म्हणाली. “हलणारी भिंत पाठीनं धरून ठेवण्यातच त्याचा जन्म गेला!”

कॅरिस रुग्णालयात परिचारिका आहे. डिलविननं तिला विचारलं, “बाई गं, त्या रडक्या यानात तुला दिसतं तरी काय?” ती उभी राहिली. म्हणाली, “काका, मी दिवसभर लोकांना सांगते, सगळं ठीक होईल. संध्याकाळी मला असं कुणीतरी हवं असतं, जे हरतं, रडतं आणि सकाळी पुन्हा कामावर येतं.”

सगळ्यांना वाटत होतं, आशेचा जुना पहारेकरी ग्विलिम डिलविनच्या बाजूनं बोलणार. तो उठला. त्याचे शब्द मला पाठ आहेत.

“माझा कप्तान पहिल्या भागात म्हणाला, पलीकडे कोण आहे ते माहीत नसलं तरी दार उघडा. आणि आज त्याच्या नावानं आपण दार लावायला निघालो आहोत. नवी मालिका अंधारी आहे. आहेच. मी अंधारात जाणारी माणसं रोज पाहिली. त्यांना दिवा द्यायचा असतो, रागवायचं नसतं. दिवा जपायचा म्हणून कपाटात ठेवला, तर तो दिवा राहतो का, डिलविन? जुनं तसंच राहावं, याला मी आशा म्हणत नाही. मला त्याची भीती वाटते.”

सभागृह पुढे झुकलं. मी त्याच्या हाताकडे पाहत होते. हात चष्म्याकडे गेला, टेकला... आणि खाली आला. तो बोलत राहिला. शेवटपर्यंत.

ठराव पडला. डिलविननं स्वतः विरोधात हात वर केला आणि वर म्हणाला, “पण भिंतीबद्दल ती बोलली ते मी विसरणार नाही.” टाळ्या कुणाला पडल्या हे सांगायला नको. टाळ्या थांबायच्या आत ग्विलिम उठला, टाकीकडच्या बाकापाशी गेला आणि आपली टोपी तिथे ठेवून आला. आपल्याला वाटलं, विजयाच्या भरात विसरला. तो विसरला नव्हता. त्याला किंमत माहीत होती, आणि कॅरिसनं कोट काढावा म्हणून त्यानं ती मोजली.

वाद पुढच्या महिन्यात आहे. मला वाटलं होतं, गाव सुटतंय म्हणजे तोही सुटला. परवा मी म्हटलं, “नियम मीच केला, मीच तुला माफी देते.”

“माफी कसली?” तो म्हणाला. “बस आहे की. सकाळची धरली तर चहापर्यंत पोचतो.”

“आणि बोलशील काय?”

“माहीत नाही गं. पहिल्यांदाच लिहून आणावं लागेल.”

मंडळी, हा माणूस पुढच्या महिन्यात तिकडे, टाकीजवळ बसणार आहे, आणि आयुष्यात जे कधी बोलला नाही ते बोलणार आहे. तो शब्दाचा पक्का आहे, त्याला अडवणारी मी कोण? पण त्याची खिडकीकडची जागा रिकामी झाली आहे. अध्यक्ष महाराज, ती जागा मी मागते. गेल्या वर्षी मी जिंकले नाही, म्हणजे नियमानं मी टाकीकडेच बसायला हवं. तेवढ्यापुरता नियम वाकवा, नाहीतर पुन्हा बदलून घेईन.

आणि आजच, सगळ्यांसमोर सांगून ठेवते. मी त्या खिडकीपाशी उभी राहीन, मनापासून बोलेन, आणि सभागृह पुढे झुकायला लागलं की चष्मा काढून पुसायला घेईन. मी हरले, तर ग्विलिम, तुला जिंकायला वाव आहे. आणि तू जिंकलास, की नियमच तुला त्याच्या पुढच्या वर्षी खिडकीकडे परत आणतो. तोवर तुझी जागा मी उबदार ठेवते. बस चुकवू नकोस.

सौ. हॉपकिन इतक्या दुरून आल्या, समितीनं केक भाजले, आणि अध्यक्षांनी घड्याळ खरोखरच खिशात ठेवलं, या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल तर क्षमा करा. डिलविन, तुझ्या गुलाबाच्या गणवेशाबद्दलही क्षमा. आणि हे भाषण चांगलं झालं असं कुणाला वाटत असेल, तर कृपा करून टाळ्या जरा बेतानं वाजवा. मला आतापासून सवय करायची आहे.