नागप्पाच्या नावावरच्या खुणा

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या साखर कारखान्याचे चेअरमन साहेब, व्यासपीठावरचे शेती अधिकारी साहेब, कॅमेऱ्याच्या कंपनीचे इंजिनियर हृषीकेश साहेब, ज्याला निरोप द्यायला आपण जमलो तो माझा सोबती नागप्पा, पुढच्या रांगेतल्या त्याच्या घरच्या कमलम्मा वहिनी, आणि कामगार बंधूंनो. मी इसूफ, ऊस येतो त्या गेटवरचा जुना माणूस. मला पाच मिनिटं दिली आहेत. घड्याळाकडं कुणीतरी लक्ष ठेवा, मला भान राहायचं नाही.

नागप्पाबद्दल काय सांगू? तेवीस वर्षं आम्ही एका गेटवर काढली. येणारी गाडी पाहायची, बैलगाडी की ट्रॅक्टर ते चिठ्ठीवर लिहायचं आणि ज्या त्या रांगेला लावायची. बैलगाडीची रांग आधी सुटते, कारण जनावर जुवाखाली उभं असतं. ट्रॅक्टरला कधी कधी दीड दिवस थांबावं लागतं. पण ट्रॅक्टरच्या उसावर एखादी बाई लेकरू घेऊन बसलेली दिसली, की आम्ही चिठ्ठीवर बैलगाडी लिहायचो. नियमात बसत नव्हतं. पण मला सांगा, उन्हात बैल तापतो आणि लेकरू तापत नाही काय? शेती अधिकारी साहेबांनाही हे ठाऊक होतं. मान हलवू नका साहेब, ठाऊक होतं.

मागच्या पावसाळ्यात कॅमेरे आले. हृषीकेश साहेबांनी समजावलं, की मशीनला जुन्या हंगामाच्या व्हिडिओतली हजारो चित्रं दाखवायची, प्रत्येक गाडीभोवती चौकट काढायची आणि ती कसली गाडी ते सांगायचं. पुढं ते आपलं आपण ओळखतं आणि रांग ठरवतं. साहेब बोलतात गोड. माणसं कमी होतील हे त्यांनी शेवटी सांगितलं, चहा झाल्यावर.

कॉम्प्युटर सुरू करताना नाव मागायचा. माझं नाव कुठं चढतंय म्हटलं की मी मागं सरतो, लहानपणापासून. म्हणून नागप्पाचं नाव घातलं. तो बाहेर कॅमेऱ्याचे खांब रोवण्याच्या कामावर होता, खुर्चीवर बसलो मी. दोन महिने चौकटी काढल्या. उसावर पोर दिसलं की बोट आपोआप बैलगाडीवर जायचं. एकदा नागप्पा मागं येऊन उभा राहिला. म्हणाला, "चाचा, ह्याला असलं शिकवू नका. आपल्याला कारण म्हायती हाय, ह्याला नुसतं चित्र दिसतंय."

मी म्हणालो, "आलास मोठा मास्तर. जा, खांब रोव."

हंगाम सुरू झाला. नागप्पाला मळीच्या टाकीकडं पाठवलं, गेटच्या केबिनमध्ये मी एकटा. महिनाभरात ट्रॅक्टरवाल्यांच्या ध्यानात आलं, की वर पोर असलं की बैलगाडीच्या रांगेचा दिवा हिरवा होतो. एकानं पुतण्याला बसवलं. मग सगळ्यांनीच सुरू केलं. ज्यांना पोर नव्हतं ते ऊसतोड टोळीच्या झोपड्यांवर, कोप्यांवर जाऊन बिस्किटाच्या पुड्यावर पोर मागून आणायचे. रांगेत थट्टा चालायची, "लेकरू न्हाय व्हय? मग बस की उद्यापर्यंत." मी केबिनमधून बघत होतो. हसतही होतो. साहेबांना सांगावं असं रोज वाटायचं आणि रोज वाटायचं, कुणी शिकवलं म्हणून विचारतील.

श्रावणी ऊसतोड टोळीतली, सात वर्षांची होती. कल्लप्पा ट्रॅक्टरवाल्यानं तिला आपल्या उसावर बसवलं होतं. कल्लप्पा तिचा कुणी नव्हता. दुपारी दीडच्या सुमाराला गेटसमोरच्या गतिरोधकावर ट्रॉली उसळली आणि पोरगी दोन ट्रॉल्यांच्या मधे पडली. मागचं चाक तिच्यावरून गेलं. मी केबिनचं दार उघडेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौकशीत त्या दुपारचा व्हिडिओ लावला. चेअरमन साहेब, आपण होता. पोरगी उसावर आहे, चौकटीवर लिहिलंय बैलगाडी. पोरगी पडते. पुढच्याच चित्रात त्याच चौकटीवर येतं ट्रॅक्टर. हृषीकेश साहेब हळूच म्हणाले, "इथं बरोबर ओळखलंय." ते मशीनबद्दलच बोलत होते, मी समजू शकतो. पण मशीन शहाणं व्हायला पोरगी खाली पडावी लागली, हे कुणी बोललं नाही.

मशीनला शिकवलेल्या खुणा कुणाच्या नावावर? नागप्पाच्या. तो एवढंच म्हणाला, "ह्या खुणा माझ्या न्हाईत." मग कुणाच्या, म्हणून चौकशीवाल्या साहेबांनी विचारलं. नागप्पा माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, "मी आठवी नापास माणूस साहेब, मला कॉम्प्युटर कुठला येतोय." सगळ्यांना पटलं. माझ्यासारख्याचं अडाणीपण लोकांना लगेच पटतं.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. म्हणाला, "चाचा, तुमी सांगा की. मी सांगितलं तर चुगली हुतीय." मी त्याला चहा दिला आणि पावसाबद्दल बोलत बसलो. कप अर्धा ठेवून तो उठला. सहा वर्षं नोकरी शिल्लक असताना त्या खुणांचा ठपका घेऊन आज तो चाललाय. समारंभाच्या पत्रिकेवर छापलंय, प्रकृतीच्या कारणास्तव. त्याची प्रकृती ठणठणीत आहे, वहिनींना विचारा.

अध्यक्ष महाराज, एक मिनिट. मला खाली बसवू नका. त्या सगळ्या खुणा मी केल्या. शेती अधिकारी साहेब, हे लिहून घ्या. सही आत्ता करतो. नागप्पा, तू माझ्याकडं बघू नकोस. चौकशीत बघितलास तेवढं पुरे झालं.

श्रावणीच्या आईलाही सांगायचं होतं. टोळी गेल्या आठवड्यात गावी गेली. ऑफिसात गाव विचारलं, तर मुकादमाचं नाव आहे, टोळीतल्या नवरा-बायकोच्या जोड्यांचा आकडा आहे. तिच्या आईचं नाव कुठंच नाही.

आपण बोलू दिलंत, उपकार झाले. सन्मानाची रीत मला येत नाही. मान्यवरांच्या नावात कुठं मागंपुढं झालं असेल, तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका.