टेकू काढणाऱ्याचं काम

दवाखान्याच्या बाकावर एक शाळकरी पोरगी आपल्या प्लास्टरवर मैत्रिणींनी केलेल्या सह्या वाचत होती. कान मात्र तिनं कधीच शेजारी बसलेल्या गवंड्याला आणि त्याच्या मोठ्या बहिणीला देऊन टाकले होते.

“तीन दिवस इथंच बसून आहेस. आत जा की! आपला धाकटा वाट बघतोय.”

“कुठल्या तोंडानं जाऊ, ताई? ओल्या स्लॅबचा टेकू मीच घाईनं काढला. त्याचा पाय माझ्यामुळं मोडला.”

“काल बायबलच्या वर्गात मी एक ग्रीक शब्द शिकवला. स्तेरिझो.”

“झालं हिचं सुरू!”

“ऐक तरी. डळमळणाऱ्याला पक्कं उभं करणं, बळकट करणं.”

“टेकू लावणं म्हण की. त्याला ग्रीक कशाला?”

“येशूनं हे काम सांगितलं आपल्या शिष्याला, पेत्राला. तो त्याच रात्री, येशूला पकडल्यावर, ‘मी याला ओळखतच नाही’ म्हणणार होता. तरी येशू त्याला म्हणाला, माझ्याकडं परत फिरलास की आपल्या भावांना बळकट कर.”

“हा कच खाणार, हे आधीच ठाऊक होतं?”

“पुरतं ठाऊक होतं.”

“आणि तरी काम त्यालाच?”

“त्यालाच.”

“बाप रे.”

गवंडी उठला. आत गेला. दार उघडंच राहिलं.

“छोट्या, चूक माझी होती. टाक हात खांद्यावर.”

“पडलो तर, दादा?”

“तू सांगेपर्यंत हा टेकू हलत नाही.”

पोरीचा नंबर दोनदा पुकारला गेला. ती जागची हलली नाही. आत फरशीवर एक पाऊल वाजलं होतं, आणि ती श्वास रोखून दुसऱ्याची वाट बघत होती.

वाजलं.