चौथा कोपरा

दादा : हे खोकंही रद्दीत?

मी : काय आहे त्यात?

दादा : मंगळ. दुसरं काय असणार? तोच चौकोन, सतराशे साठ फोटो. बाबांच्या मोज्यांचा एक जोड धड सापडत नाही, पण मंगळ म्हणशील तेवढा.

मी : ठेव बाजूला.

दादा : अंतराळ संस्थेचं उत्तर आहे बघ. 'सदर आकार वारा व वाळू यांच्या झिजेने तयार झाला आहे.' खाली बाबांचं लाल पेन. 'वारा काटकोनात वाहतो का?'

मी : पाठ आहे मला.

दादा : चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त झाले आणि पृथ्वी पुरेना.

मी : चहा घेतलास का रे?

दादा : तिसऱ्यांदा विचारतेयस. मी घेतला. तुझ्या कपात साय धरलीय.

मी : हं.

दादा : हे पाकीट अजून चिकटवलेलं नाही. तिकीट मात्र लावलंय. त्या संस्थेलाच. वाचू?

मी : वाच.

दादा : 'महोदय, नव्या छायाचित्रात चौथा कोपरा सावलीबाहेर आला आहे. आमच्या पद्धतीप्रमाणे दोघांनी स्वतंत्र मोजला. माझा आकडा वेगळा आला. परंतु मोतीबिंदूमुळे माझी नजर आता भरवशाची नाही. मुलीचा आकडा नव्वद अंश. तोच ग्राह्य धरावा.' ...तू मोजायचीस?

मी : शाळेत होते तेव्हापासून. एकाने मोजायचं, आकडा झाकायचा, मग दुसऱ्याने मोजायचं. आधी आकडा कळला की ती मोजणी नव्हे, म्हणायचे.

दादा : मला नाही कधी बसवलं.

मी : तू डोकावायचास.

दादा : ते खरंय. वही आहे इथेच. त्यांचा आकडा खोडलाय, पण दिसतोय. चौथा कोपरा...

मी : सांगू नकोस.

दादा : का?

मी : त्या सोमवारी त्यांचा फोन आला, मी ऑफिसात होते. मोजलंस का, म्हणाले. फोटोची गुंडाळी पिशवीतच होती, रबरसुद्धा काढलं नव्हतं. म्हटलं, मोजलं. नव्वद.

दादा : अगं...

मी : नक्की ना, म्हणाले. म्हटलं, नक्की बाबा, कामात आहे मी.

दादा : बरंच वाटलं असेल त्यांना.

मी : गप्प झाले होते. मला वाटलं, आनंदाने.

दादा : आणि गुरुवारी गेलेच. ...मग या पाकिटाचं काय? फाडू की टाकू पोस्टात? तिकडे कोण वाचतंय म्हणा.

मी : फोटो अजून पिशवीतच आहे माझ्या.

दादा : आता मोजून काय होणार?

मी : कोनमापक त्या खणात असेल. डावीकडे.

दादा : हा घे.

मी : आता वहीतल्या त्या आकड्यावर हात ठेव. आणि डोकावू नकोस.