वरातीची हार्डडिस्क

अंजली : वापरलेली नको, लतीफभाई. नवीच दाखवा.

लतीफ : ताई, घरच्या कम्प्युटरला वापरलेली बी बराबर चालते. निम्म्यात काम होतं.

अंजली : नवीचं काय विशेष?

लतीफ : तीन साल वॉरंटी.

अंजली : म्हणजे बिघडली तर आतलं परत मिळतं?

लतीफ : न्हाई. कंपनी नवी डिस्क देते. आतलं कोण देणार?

अंजली : मग वॉरंटीचं राहू द्या. टिकते कोणती ते सांगा. तारखा संपेपर्यंत पडून राहायचीय ती.

लतीफ : कसल्या तारखा?

अंजली : कोर्टाच्या.

लतीफ : प्रभूदादा काहून न्हाई आले? सामान घ्यायला तर तेच येतात.

अंजली : त्यांचा उजवा हात मोडला. कॅमेरा कोणत्या हातानं धरतोस, असं विचारलं. उंबऱ्यावर ठेवायला लावला अन् काठी घातली.

लतीफ : या अल्लाह. कुणी?

अंजली : नरसिंगनं. त्याच्या भावाच्या लग्नाचं शूटिंग यांच्याकडे होतं. वरातीसमोर पेमा मेंढरं घेऊन आला. मेंढरं बँडला बुजली, घोडी उधळली, नवरदेव खाली. नरसिंगनं पेमाला तिथंच धरलं. आधी काठीनं, मग दगडानं. पेमा हलायचा थांबला तरी हा थांबला नाही.

लतीफ : लोक तर म्हणून राहिले, घोडीच्या पायाखाली आला.

अंजली : अख्खी वरात तेच म्हणते. कॅसेट त्यांनी जाळली. पण यांनी आदल्या रात्रीच ती कम्प्युटरवर उतरवून ठेवलेली. ते कळल्यावर कुऱ्हाडी घेऊन घरात आले अन् मॉनिटर फोडला.

लतीफ : मॉनिटर? अन् हार्डडिस्कवाला डबा?

अंजली : डब्याला नुसती लाथ. मॉनिटर टीव्हीसारखा दिसतो म्हणून वाटलं असेल, चित्रं त्यातच. चिंगीच्या पाळण्यातून काचा वेचल्या मी. आता नरसिंगला त्याच्या मेव्हण्यानं शहाणं केलंय. आज संध्याकाळी हार्डडिस्क हातात द्यायची, नाहीतर यांचा डावा हात. मग चिंगीकडं बघितलं त्यानं.

लतीफ : पोलिसात द्या ना.

अंजली : ठाण्यासमोरच्या टपरीवर त्याची माणसं बसलेली असतात. चिंगीला डोस द्यायचाय म्हणून वसमतला आलेय. ही बघा, जुनी डिस्क लंगोटांखाली आणलीय. पेमाची केस घेणारी वकीलबाई सोमवारी परभणीहून येणार. लाथ बसल्यापासून डिस्क टकटक करते.

लतीफ : टकटक करते म्हणजे शेवटचं चाललंय तिचं. ताई, मी बालबच्चेवाला माणूस हाय. उद्या माझं दुकान फोडतील.

अंजली : तुम्ही विकली, एवढंच. कॉपी मी करते, मला येते. तुम्ही बाहेर चहा प्या.

लतीफ : चहा न्हाई पीत. शटर अर्धं ओढतो. ही घ्या. ह्या बनावटीच्या लई कमी परत येतात माझ्याकडं. दमट जागा नको, आपटायची न्हाई, मधून मधून चालवून बघायची. अन् पहिलं काय उतरवायचं ते आत्ताच ठरवा. जुनीचा भरोसा न्हाई.

(संध्याकाळी, अंजलीच्या घरासमोर.)

नरसिंग : एवढुशी? ह्यात मावलं समदं?

अंजली : मावलं.

नरसिंग : ठिव दगडावर. प्रभ्या, तोंड फिरवू नको, इकडं बघ. हं. आवाज तर हाडावानीच येतो हिचा. अजून एक घाव घालतो. वैनी, तुमी काहून रडून राहिल्या?

अंजली : चिंगीचे जन्मापासूनचे फोटो होते त्यात.

नरसिंग : नवी घेऊन देतो की.

अंजली : नवीत ते नसतील, भाऊजी.

नरसिंग : फोटो गेले, पोरगी हाय न्हवं? तेवढं ध्यानात ठिवा. दुसरीकडं काही उतरवलं न्हाई ना, प्रभ्या?

प्रभू : कशानं उतरवू? डाव्या हातानं चमचा धरता येईना मला.

नरसिंग : बराबर. चला रे.

प्रभू : गेले. आतून कडी लाव. खरंच रडलीस गं तू.

अंजली : फोटो खरंच गेले. नवीवर वरात उतरली अन् जुनीची टकटक बंद झाली. मग ती फिरलीच नाही.

प्रभू : चिंगीचे आधी घ्यायचे ना.

अंजली : चिंगी तुमच्या मांडीवर आहे.

प्रभू : अन् नवी कुठंय?

अंजली : येताना मेंढवाड्यापाशी उतरले. पेमाच्या आईकडं दिली.

प्रभू : भिकाबाईला? तिला काय कळतंय त्यातलं?

अंजली : सांगितलं सगळं. ओल लागू द्यायची नाही, आपटायची नाही. घोंगडीत गुंडाळून छातीशी धरली तिनं. एकच विचारलं.

प्रभू : काय?

अंजली : ह्यात माझा पेमा चालत येताना बी हाय का.

प्रभू : मग?

अंजली : हाय म्हटलं. मेंढरांच्या मागं, खांद्यावर कोकरू घेऊन.