घाटातलं लिंबू

आळेफाट्याहून निघालेली एसटी आणे घाटाला लागली. माझ्या पुढच्या सीटवर दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"हौसाबाई, हे लिंबू नाकाशी धर. घाट आला."

"आन तुला गं, चिमाबाई?"

"मला कधी गाडी लागलीय?"

"बरं, तुझा गोरख रविवारी नातीला तुझ्याकडं सोडतोय म्हनं."

"व्हय. तो आन सूनबाई नॉर्वेला चाललेत. बोटीत बसून बर्फाचं डोंगर बघायचं."

"मग आरोहीला का न्हाई नेत?"

"बोट लहान हाय. पोरांना खेळायला जागा न्हाई. पोरगी कट्टाळंल, म्हनला."

"तिच्या वयाचं कुनीच नसतंय व्हय?"

"न्हाई गं. सगळी आपल्या वयाची. गोरखनं फोटू दावला. काठी टेकत येत्यात, बोटीवरची कामाची पोरं हात धरून चढवत्यात. खुर्चीत बसून डोंगर बघायचं, एवढंच काम."

"मग तुला का न्हाई नेत?"

एसटीनं एक वळण घेतलं, मग दुसरं.

"तो लई म्हनला गं, चल म्हनून. पन मला गाडी लागती."

हौसाबाईनं नाकाजवळचं लिंबू काढून तिच्या हातात दिलं. चिमाबाईनं ते नाकाशी धरलं आणि घाट संपला तरी खाली घेतलं नाही.