मधली भिंत

वकिलांच्या टेबलासमोर दोघे भाऊ वाटणीचा कागद घेऊन बसले होते. मागच्या बाकावर मी माझ्या नंबराची वाट बघत होतो.

“दादा, दुकान तुझं, मागचं घर माझं, मधलं दार बंद करून छतापर्यंत भिंत. कर सही.”

“मग माझा दुपारचा चहा कुठून यायचा?”

“सहा वर्षं कोर्टात भांडताना नाही आठवला चहा?”

“तेव्हाही तुझी बायको मधल्या दारातून रोज आणून द्यायची. तुला चोरून.”

“मला चोरून? दादाला साखर घालू नकोस, डॉक्टरांनी बंद केलीय, हे तिला कोण सांगायचं?”

“तरीच! सहा वर्षं पांचट चहा पितोय मी. वकीलसाहेब, त्या भिंतीत एक खिडकी लिहा.”

“केवढी लिहू?”

“कपबशी जाईल एवढी.”

“आणि साहेब, साखरेचा डबा जाणार नाही एवढी.”